फिजिक्स आवडतं की फिजिक्सच्या गोष्टी?

*मॅडम, नमस्कार. मी बारावी सायन्सला आहे, पीसीएम ग्रुप. गाव सोलापूर जिल्ह्यात. बाबांचं हार्डवेअरचं दुकान आहे, दादा पुण्यात कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. गेल्या वर्षी विज्ञान दिनाला आमची सहल खोडदच्या रेडिओ दुर्बिणी बघायला गेली होती. त्या प्रचंड डिश बघून आल्यापासून मला फिजिक्सच करायचंय. घरी सांगितलं तर बाबा म्हणाले, "आता मुलींना इंजिनिअरिंगची फी माफ झालीय आणि तू बीएस्सी म्हणतेस?" आत्या म्हणते, ज्यांना कुठेच मिळत नाही ते बीएस्सी करतात. दादा म्हणतो, आधी इंजिनिअरिंग कर, मग कर काय करायचंय ते. ब्लॅक होलचे व्हिडिओ बघायला लागले की मला रात्री झोप येत नाही, पण क्लासच्या टेस्टमध्ये फिजिक्सलाच सगळ्यात कमी मार्क पडतात. मला फिजिक्स खरंच आवडतं की नुसतं तसं वाटतंय? आणि करून पुढे काय?*

*— अधांतरी*

प्रिय अधांतरी,

"पुढे काय" हे मला दर जूनमध्ये विचारलं जायचं. मुलं विचारायची, त्यांचे वडील विचारायचे, एकदा तर एका मुलाला सोडायला आलेल्या रिक्षावाल्या काकांनीही विचारलं होतं. "मला खरंच आवडतं का" हे मात्र तालुक्याच्या गावी तीस वर्षं फिजिक्स शिकवताना मला जेमतेम चार-पाच जणांनी विचारलं असेल. म्हणून आधी तेच घेते. बाबा आणि आत्या थोडा वेळ थांबतील.

फिजिक्सच्या गोष्टी आवडणं आणि फिजिक्स आवडणं यात फरक आहे. ब्लॅक होलच्या व्हिडिओत कोणीतरी आधीच घाम गाळलेला असतो आणि तू त्याचं फळ खातेस. त्यात वाईट काही नाही, मीही खाते. पण बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला ब्लॅक होल नसतात. दुसऱ्या वर्षालाही नसतात. तिथे स्प्रिंगला लटकवलेलं वजन असतं, उष्णतेची समीकरणं असतात, तारेच्या वेटोळ्याभोवतीचं चुंबकीय क्षेत्र असतं. तिसऱ्या वर्षी क्वांटम मेकॅनिक्स येतं, तेही व्हिडिओतलं श्रोडिंगरचं डब्यातलं मांजर घेऊन येत नाही. 'एका चौकोनी खड्ड्यात अडकलेला कण' असं येतं आणि वहीची चार पानं डिफरन्शियल इक्वेशन सोडवायला लावतं. ब्लॅक होलचं खरं गणित ज्या जनरल रिलेटिव्हिटीत आहे, ती बहुतेक ठिकाणी एमएस्सीला आणि तीही घेतली तर.

हे सगळं गणितात चालतं. महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्यांना आकाशाचं वेड लावलं ते जयंत नारळीकरांनी, आणि ते स्वतः बनारसहून केंब्रिजला गेले ते गणित शिकायला. तिथे त्यांनी गणिताची ट्रायपॉस ही पदवी परीक्षा दिली, पहिल्या वर्गात येऊन रँग्लर झाले, आणि त्या वाटेने खगोलशास्त्रात गेले. तेव्हा स्वतःला पहिला प्रश्न विचार तो गणिताबद्दल. इंटिग्रेशनचं गणित अडलं की तुला चिडचीड होते, की चिडचीड होऊनही तू ते सोडत नाहीस? पहिलं सगळ्यांचंच होतं. दुसरं होत असेल तर पुढे बोलू.

आता तुझे टेस्टचे मार्क. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या सीईटीला फिजिक्स आणि केमिस्ट्री मिळून १०० प्रश्न, ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिटसुद्धा नाही. क्लासवाले त्याचीच तयारी करून घेतात आणि ते त्यांचं कामच आहे. पण त्या मिनिटभरात जे मोजलं जातं तो वेग. फिजिक्समध्ये एका प्रश्नापुढे तीन दिवस बसावं लागतं. म्हणून कमी मार्क पडले की घाबरून जाऊ नकोस, तसंच "माझं कन्सेप्ट चांगलं आहे, फक्त स्पीड नाही" असं म्हणून स्वतःला फसवूही नकोस. हे वाक्य मी फार जणांकडून ऐकलंय आणि निम्म्यांच्या बाबतीत ते खोटं होतं. शेवटच्या चार टेस्टचे पेपर काढ. चुकलेला प्रत्येक प्रश्न घड्याळ न लावता, सोल्युशन न बघता पुन्हा सोडव. बहुतेक सुटले तर अडचण वेगाची होती. नाही सुटले तर पाया कच्चा आहे. तो दुरुस्त होतो, पण आधी कळायला हवा.

एक प्रसंग सांगते. पहिल्या वर्षाचं प्रॅक्टिकल, साध्या लंबकावरून गुरुत्वीय त्वरण काढायचं. दोरा एक मीटर, २० आंदोलनांचा वेळ, सूत्रात किंमती घालायच्या, उत्तर ९.८. हे उत्तर सगळ्यांना आधीच माहीत असतं, त्यामुळे बरीचशी मुलं उलटीकडून रीडिंग जुळवतात. जर्नल पूर्ण, सही घेतली, चहाला पळाली. त्या दिवशी एक मुलगा थांबला. मार्क बेताचे, मागच्या बाकावरचा. म्हणाला, "मॅडम, माझं १०.९ येतंय." मी म्हटलं, पुन्हा कर. पुन्हा १०.९. दोरा मोजला, बरोबर. स्टॉपवॉच बदललं, तरी तेच. शेजारचा म्हणाला, "अरे ९.७९ लिही आणि चल." हा हलेना. साडेपाच वाजले, शिपाईमामा किल्ल्या वाजवत दारात उभे. शेवटी मी त्याला म्हटलं, मोठ्याने मोज. त्याने गोळा सोडला, स्टॉपवॉच दाबलं आणि म्हणाला, "एक."

तिथेच होतं सगळं. सोडताना 'एक' म्हटलं की 'वीस' म्हणेपर्यंत आंदोलनं होतात १९. ४० सेकंदांच्या जागी ३८ भरतात, आणि वेळेचा वर्ग होत असल्यामुळे उत्तर थेट १०.९ वर जातं. त्याने ते कागदावर मांडून पाहिलं, आकडा जुळला आणि तो असा हसला की शिपाईमामाही हसले.

९.८ तर सगळ्या वर्गाचं आलं होतं. फिजिक्स त्या दिवशी त्या एकट्याने केलं. तो पुढे एमएस्सी झाला, त्यानंतर रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केला आणि आज एका कॅन्सर हॉस्पिटलात मेडिकल फिजिसिस्ट आहे. रेडिएशनचा डोस पेशंटच्या गाठीवर किती आणि आजूबाजूच्या निरोगी भागावर किती, याचा हिशोब तो बघतो. तिथे कोणी 'एक'पासून मोजून चालत नाही.

आता बाबांचं म्हणणं. ते चूक नाहीत. २०२४-२५ पासून राज्य सरकारने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. त्यात इंजिनिअरिंग आलंच. तुमचं घर त्यात बसतं का आणि प्रवेश सरकारी प्रवेशफेरीतून, म्हणजे कॅप राउंडमधून आहे का, एवढं बघायचं. होस्टेल आणि मेसचा खर्च राहतोच. पण ही सवलत म्हणजे दुकानातली 'आज शेवटचा दिवस' पाटी नव्हे. फुकट आहे म्हणून बाबा गरज नसलेला माल दुकानात भरतील का? विचारून बघ, हसतील. दुसरी बाजूही त्यांना सांग. अनुदानित कॉलेजात बीएस्सीची फी मुळातच खासगी इंजिनिअरिंगच्या मानाने फार कमी असते. बोर्डात पहिल्या एक टक्क्यात आलीस आणि मूलभूत विज्ञान घेतलंस तर केंद्राची इन्स्पायर शिष्यवृत्ती आहे, वर्षाला ८० हजारांपर्यंत.

आत्याबाईंच्या म्हणण्यातही तथ्य आहे, आणि हे मी बीएस्सीच्याच वर्गात आयुष्य घालवून म्हणतेय. वर्गातली अर्धी मुलं खरंच कुठे नंबर लागला नाही म्हणून आलेली असतात. काही एमपीएससीसाठी फक्त डिग्री हवी म्हणून येतात. काही कॉलेजांत प्रॅक्टिकल कागदावरच होतात. अशा ठिकाणी तीन वर्षं काढलीस तर तुझी आवड वाळून जाईल. म्हणून बीएस्सी करायचीच तर कुठे, हे महत्त्वाचं.

पहिलं दार आयसर, म्हणजे विज्ञान शिक्षण आणि संशोधनाच्या केंद्र सरकारच्या संस्था. पुण्यातलं आयसर २००६ मध्ये सुरू झालं, देशात अशा सात संस्था आहेत. पदवी आणि पदव्युत्तर मिळून पाच वर्षांचा बीएस-एमएस, सुरुवातीला सगळी विज्ञानं शिकायची आणि मग आपला विषय निवडायचा. प्रवेश त्यांच्या स्वतःच्या परीक्षेतून, आयएटी. फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, बायोलॉजीचे प्रत्येकी १५ प्रश्न. तुझं बायोलॉजी नाही म्हणून बिचकू नकोस, पीसीएमवाली मुलंही ती देतात आणि आत जातात. दुसरं दार नेस्ट ही प्रवेश परीक्षा. त्यातून भुवनेश्वरची नायसर ही विज्ञान संस्था आणि मुंबईत विद्यापीठाच्या कलिना आवारातलं सेब्ज मिळतं. सेब्ज अणुऊर्जा विभाग आणि मुंबई विद्यापीठ यांनी मिळून काढलेली संस्था आहे आणि ती आपल्या मुलांना माहीतच नसते, याचं मला दरवर्षी वाईट वाटतं. दोन्हींचे अर्ज बोर्डाच्या परीक्षेच्या आसपास सुरू होतात, म्हणजे मुलांचं लक्ष नेमकं दुसरीकडे असताना. तारखा आत्ताच बघून कॅलेंडरवर गोल करून ठेव.

ही दारं उघडली नाहीत तर चांगलं कॉलेज बघायचं. पुण्यात फर्ग्युसन आहे, एसपी आहे, इतर शहरांतही आहेत. नावावर जाऊ नकोस, स्वतः जाऊन बघ. ऑफिसात प्रॉस्पेक्टस मागू नकोस, थेट फिजिक्सच्या लॅबमध्ये जा. टेबलांवर धूळ आहे का? स्पेक्ट्रोमीटरवर कापड आहे, पण कापडावर बोटांचे ठसे आहेत का? लॅब असिस्टंटला विचार, "दादा, मुलं स्वतः रीडिंग घेतात का?" प्राचार्य खोटं बोलू शकतात, लॅब असिस्टंट बोलत नाही. आणि विचार, गेल्या चार-पाच वर्षांत इथून किती जणांनी जॅम पास केली. आयआयटीत एमएस्सीला जायची ती परीक्षा. शिक्षकाला हा आकडा चटकन सांगता आला तर कॉलेज बरं आहे असं समज.

कुठेही गेलीस तरी मेजर फिजिक्स घेताना मायनरला गणित सोडू नकोस. सोपं म्हणून दुसरं काही घेणारी मुलं तिसऱ्या वर्षाला रडतात. आणि पहिल्या सुट्टीत पायथॉन शिकून घे, दादा आहेच घरात.

पुढे काय, याचं उत्तर वर्षांत देते, कारण तेच कोणी देत नाही. आज तू अठरा. बीएस्सी-एमएस्सी किंवा बीएस-एमएस, तेवीस. पीएचडी पाच-सहा वर्षं, म्हणजे अठ्ठावीस-एकोणतीस. संशोधक म्हणून कायमची जागा हवी असेल तर त्यानंतर बहुधा दोन-चार वर्षं पोस्टडॉक, म्हणजे तात्पुरत्या जागेवरचं संशोधन, तीही बऱ्याचदा परदेशात. तुझा दादा तोपर्यंत पुण्यात फ्लॅटचे हप्ते फेडत असेल आणि दिवाळीला घरी आला की तुझ्या 'अजून शिकतेय'वर नातेवाईक जोक करतील. हे तुला चालेल का, हे आजच्या उत्साहात ठरवू नकोस, पण माहीत असू दे. बाबांना मात्र एक गोष्ट ठामपणे सांग, कारण ती बहुतेक वडिलांना ठाऊक नसते. पीएचडीला पैसे भरावे लागत नाहीत, मिळतात. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेतून जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, वर घरभाडं. इंजिनिअरच्या पॅकेजइतके नाहीत, पण हॉस्टेलवर राहणाऱ्या मुलीला घरून पैसे मागवावे लागत नाहीत.

पीएचडी नको असेल तरी वाटा आहेत. एमएस्सीनंतर बीएआरसीच्या, म्हणजे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या, ट्रेनिंग स्कूलची निवड आहे. मेडिकल फिजिक्स वर सांगितलंच. हवामान खातं आहे. सॉफ्टवेअर आणि डेटाच्या कामात फिजिक्सची कितीतरी मुलं जातात, आणि 'आम्ही फिजिक्स सोडलं' असं त्यांना वाटत असलं तरी त्यांची विचार करायची पद्धत तीच राहते.

राहिली प्राध्यापकी, जी लोकांना सगळ्यात सोपी वाटते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ सेट ही पात्रता परीक्षा घेतं, ती किंवा नेट लागते. पास होणं जमेल. कायमची जागा मिळणं मात्र अवघड. मी स्वतः सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. तासाला ठरलेले पैसे, सुट्टीत शून्य, दर जूनमध्ये नव्याने मुलाखत, आणि तोच वर्ग, तीच लॅब. संस्थेचं नाव काढत नाही, कारण तशा पुष्कळ होत्या आणि आजही आहेत. 'नाही काही तर प्राध्यापक होईन' म्हणून फिजिक्स घेऊ नकोस. तो खालचा पर्याय राहिलेला नाही.

दादाचं 'आधी इंजिनिअरिंग' मला निम्मं पटतं. इंजिनिअरिंग करून फिजिक्सच्या पीएचडीला जाता येतं, गेट ही पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा फिजिक्समधून देता येते, काही संस्था अशा मुलांना आवर्जून घेतात. तू खोडदला पाहिलेल्या त्या ३० डिश, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, एकट्या फिजिक्सवाल्यांनी उभ्या केलेल्या नाहीत. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगोची वेधशाळा होते आहे, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. तिथे निर्वात नळ्या, लेझर आणि कंट्रोल सिस्टिम जाणणारी माणसं फिजिक्सवाल्यांच्या खांद्याला खांदा लावून लागतील. तुला यंत्र कसं बनतं यात रस असेल तर इंजिनिअरिंग ही तडजोड नव्हे. पण तुझ्या दादासारखं कॉम्प्युटरच घेऊन 'चार वर्षांनी फिजिक्स करीन' म्हणणाऱ्यांपैकी परत आलेले मी फार थोडे पाहिलेत. कॅम्पसमधून नोकरी लागते, पगार सुरू होतो, आणि पुन्हा पहिल्या बाकावर बसायची इच्छा राहत नाही. उलट वाटही आहे, बीएस्सीनंतर इंजिनिअरिंगला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. तेव्हा मेमधला निर्णय म्हणजे काही लग्न नाही.

माझं मत विचारशील तर, आयसर आणि नेस्ट दोन्ही दे, सीईटीही दे. पहिल्या दोनपैकी काही मिळालं तर डोळे मिटून जा, बाबांशी मी बोलेन. नाही मिळालं तर लॅब बघून कॉलेज निवड. मनासारखी लॅब सापडली नाही तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकल घे, आणि आत्याला काय वाटतं ते सोडून दे.

पण त्याआधी, या रविवारी एक काम. बाबांच्या दुकानातून मोठ्यातलं मोठं नट घे आणि न ताणणारा बारीक दोरा. छताच्या हुकाला बांध, पंख्याला नको, तो हलतो. बांधलेल्या जागेपासून नटच्या मध्यापर्यंत बरोबर १०० सेंटिमीटर. आधी थोडंसं, वीतभर सुद्धा नाही, बाजूला घेऊन सोड आणि २० आंदोलनांचा वेळ घे. ४० सेकंदांच्या जरा वर येईल. मग दोरा ४५ अंशांपर्यंत वर घेऊन सोड आणि पुन्हा २० मोज. पुस्तकात लिहिलंय की झोका लहान-मोठा असला तरी वेळ तोच. तुझा वेळ सव्वा-दीड सेकंदाने जास्त येईल.

तो का जास्त आला, हे गुगल न करता शोध. इशारा एवढाच देते, की पुस्तकातलं सूत्र काढताना कुठेतरी साइन थीटाच्या जागी नुसता थीटा लिहिलेला असतो. ४५ अंशांना या दोन आकड्यांत किती फरक पडतो ते काढून बघ. सोमवारी सकाळी क्लासला जाताना तो सव्वा-दीड सेकंद डोक्यात असेल की नसेल, ते मला लिहून कळव. स्टॉपवॉच बाबांच्या हातात दिलंस तरी चालेल, आणि नट सोडताना 'शून्य' म्हण.

तुझी,
मॅडम